आभाळाचा तलाठी

तलाठ्याच्या लेखणीला किती वजन असते, हे खेड्यात आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्याने सातबाऱ्यावर 'पडीक' लिहिले की वाऱ्यावर डोलणारे पीकसुद्धा सरकारदरबारी पडीक. (२०२४ मध्ये या पदाचे नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, पण लोकांच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आणखी एक तलाठी येऊन उभा राहिला आहे. हा चहा पीत नाही, रजा घेत नाही, कुणाशी बोलत नाही. तारेच्या कुंपणात एका लोखंडी खांबावर तो उभा असतो. वर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, खाली एकावर एक रचलेल्या पांढऱ्या तबकड्या, एक सोलर पॅनेल, एक कुलूपबंद पेटी आणि बाजूला डब्यासारखे एक भांडे. याला म्हणायचे स्वयंचलित हवामान केंद्र. येणारे-जाणारे याला 'हवामानाचं मशीन' म्हणतात. मी मनाशी त्याला 'आभाळाचा तलाठी' म्हणतो, कारण आभाळातून काय उतरले याचा सातबारा तोच लिहितो.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. बी.ए. मराठी माध्यमातून केले आणि हयातभर शाळेत भूगोल आणि मराठी शिकवले. पण भूगोलाच्या मास्तराला पर्जन्यमापकाचे वेड असतेच. त्यामुळे या यंत्राबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असे बरेच दिवस मनात होते. विषय रुक्ष वाटेल, पण जरा धीर धरा. यात पुष्कळ लोकांच्या वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न आहे.

तो असा. महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत अशी केंद्रे उभी राहिली. मंडळ म्हणजे साधारण दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त गावे. या सगळ्या गावांच्या वतीने साक्ष देणारे यंत्र एकच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती 'अतिवृष्टी', आणि मग पंचनाम्याची चक्रे फिरू लागतात. हवामानावर आधारित फळपीक विम्याचे तर सगळे गणितच या यंत्रावर. डाळिंब, द्राक्ष, केळी, संत्री, आंबा... ठरलेल्या काळात तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की भरपाई, नाही गेला तर नाही. बागेत कुणी पाहायला यायची गरज नाही. कल्पना उत्तम आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पाहणीला आलेल्या माणसाची मर्जी, ओळख, चिरीमिरी या सगळ्याला तिथे फाटा मिळतो. पण माणसाची साक्ष काढून यंत्राची लावली, तर यंत्र शुद्धीवर आहे की नाही हे बघणे ओघाने आलेच. नेमके तिथे आपले घोडे अडते.

आता हा तलाठी लिहितो कसा ते पाहू.

पावसाचे भांडे हा त्यातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात दगा देणारा भाग. शाळेत आम्ही शिकवायचो ते पर्जन्यमापक म्हणजे नरसाळे, खाली बाटली आणि मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला (त्या वेळी ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात, म्हणून ही वेळ) पाणी मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे वाक्य मुलांकडून मी हजारदा म्हणवून घेतले आहे. स्वयंचलित यंत्रात बाटली नसते. नरसाळ्याखाली बागेतल्या सी-सॉसारखी एक छोटी पट्टी असते, तिच्या दोन्ही टोकांना दोन खोलगट पात्रे. एक भरले की वजनाने खाली कलंडते, पाणी सांडते आणि दुसरे नरसाळ्याखाली येते. प्रत्येक कलंडीबरोबर एक लोहचुंबक एका बारीकशा स्विचपुढून जातो आणि 'एक' अशी नोंद होते. पाऊस मोजायचा म्हणजे या कलंड्या मोजायच्या. सतराव्या शतकात इंग्लंडात ख्रिस्तोफर रेन याने ही युक्ती वापरली होती. लंडनचे सेंट पॉल चर्च बांधणारा तोच हा रेन.

हिशेब करून पाहा. नरसाळ्याचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे असेल आणि एक कलंडी ०.२ मिलिमीटर पावसाची धरली, तर पात्रात मावणारे पाणी होते सव्वासहा मिलिलिटर. चहाचा चमचा आणि वर थोडे! ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अशा ३२५ कलंड्या. म्हणजे एका मंडळातल्या हजारो शेतकऱ्यांचे नशीब या चमच्याच्या ३२५ वेळा कलंडण्यावर अवलंबून!

आणि हा चमचा बिघडतो कशाने? कडुनिंबाच्या चार पानांनी. पक्ष्याच्या विष्ठेने. नरसाळ्याच्या कडेवर बसायला साळुंकीला फार आवडते. वैशाखातल्या धुळीचा थर पहिल्या सरीबरोबर चिखल होऊन भोकात बसतो. कोळी जाळे विणतो, मुंग्या घर करतात. मग पाऊस पडतो, पाणी नरसाळ्यात साचते आणि थेंब थेंब झिरपत राहते. आता गंमत पाहा. रात्री दोन तासांत पडलेला पाऊस यंत्राच्या वहीत सकाळी साडेआठच्या अलीकडे थोडा आणि पलीकडे थोडा असा दोन दिवसांत वाटला जातो. आदल्या दिवशी ४०, दुसऱ्या दिवशी ३०. बेरीज बरोबर, पण अतिवृष्टी कुठल्याच दिवशी नाही. नरसाळे काठोकाठ भरून वाहू लागले तर बेरीजसुद्धा गेली. एवढे होऊन यंत्र बंद पडलेले नसते. दर काही मिनिटांनी ते इमानाने आकडा पाठवत असते. बंद पडलेल्या यंत्राची निदान तक्रार तरी होते. खोटा आकडा पाठवणाऱ्याची होत नाही.

भोक स्वच्छ असले तरी खांब जरासा कलला की पात्राचा तोल बिघडतो. मुसळधार पावसात पात्र कलंडत असतानाच वरून पाणी पडत राहते, त्यामुळे यंत्र कमीच मोजते. हा दोष रचनेतलाच आहे आणि हिशेबात दुरुस्त करावा लागतो. भांडे जितके उंचावर तितका वारा थेंबांना बाजूला ढकलतो. त्यात भर आपल्या वृक्षारोपणाची. आडोशाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर यंत्र असावे असा दंडक आहे. केंद्र उभारले तेव्हा जागा मोकळी होती म्हणे. पण पुढच्या पर्यावरण दिनाला पाहुण्यांच्या हस्ते कुंपणालगत रोपे लावली गेली आणि पाच-सहा वर्षांत झाडे यंत्राच्या डोक्यावर गेली. झाडाचा दोष नाही, यंत्राचाही नाही. मधल्या काळात तिथे कुणी नजर टाकली नाही, एवढेच.

तापमानाचे प्रकरण जरा नाजूक. पूर्वी पाऱ्याचा तापमापक असे. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पारा जगभर मागे पडतो आहे, तेव्हा त्याच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही. आता प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशाला तिचा विद्युत रोध १०० ओहम, आणि दर अंशाला तो साधारण ०.३८५ ने वाढतो. म्हणजे अर्ध्या अंशाचा फरक ओळखायचा तर ओहमच्या पाचव्या हिश्श्याएवढा फरक टिपायचा. एखादा जोड गंजला, वायरीत ओल शिरली, की तेवढा रोध आयताच वाढतो आणि यंत्राला वाटते हवाच तापली. शिवाय आपल्याला मोजायची असते हवा, ऊन नव्हे. त्यासाठी तापमापक झिलईच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. तिच्या बाजूंना झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या असतात, आणि आपल्या गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे दार उघडले तरी ऊन आत शिरत नाही. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचा मुलगा. नव्या केंद्रातल्या त्या पांढऱ्या तबकड्या म्हणजे याच पेटीचे धाकटे रूप. तबकड्या धुळीने मळल्या, पिवळ्या पडल्या, आत गांधीलमाशीने पोळे केले, की हवा खेळत नाही आणि आतला तापमापक भाजू लागतो. उपाय काय? ओले फडके आणि दहा मिनिटे!

आर्द्रतेचा सेन्सर म्हणजे ओल शोषणारा एक पातळ पापुद्रा. धूळ, धूर आणि कोकणातली खारी हवा यांनी तो हळूहळू आंधळा होतो, म्हणून ठरावीक काळाने बदलावाच लागतो. वाऱ्याच्या वाट्या बेअरिंगवर फिरतात. बेअरिंग झिजले की मंद वाऱ्यात त्या हलतच नाहीत आणि यंत्र 'वारा शांत' असे लिहून मोकळे होते. सोलर पॅनेलवर धूळ बसली की बॅटरी भरत नाही. रेंज गेली की आकडे पेटीतच अडकतात. प्रत्येक अवयवाचे दुखणे वेगळे, औषध मात्र बहुतेकदा एकच : वेळच्या वेळी कुणीतरी जाऊन बघणे.

माझा एक जुना विद्यार्थी अशा केंद्रांच्या देखभालीचे काम करायचा. एकदा भेटायला आला तेव्हा मी त्याला तासभर बसवून घेतले. तो म्हणाला, "गुरुजी, काम अवघड नाही, वाटा लांबच्या आहेत. माझ्याकडे जेवढी केंद्रं, तेवढे दिवस महिन्यात नाहीत." पर्जन्यमापक कसा तपासतात ते त्याने मला समजावले. तळाला बारीक भोक असलेल्या बाटलीत ६२८ मिलिलिटर पाणी मोजून घ्यायचे आणि ते थेंब थेंब नरसाळ्यात सोडायचे. यंत्र धड असेल तर बरोबर शंभर कलंड्या, म्हणजे २० मिलिमीटर. ९२ आल्या तर पात्राखालचे स्क्रू फिरवून तोल बसवायचा. सातवीच्या पोराला जमेल अशी ही परीक्षा! मी विचारले, "अशी परीक्षा घेतल्याची तारीख गावाला कळते का?" तो हसला. म्हणाला, "गुरुजी, गावाला यंत्र कुणाचं आहे तेच माहीत नसतं."

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आमच्या मंडळात एका वर्षी एका रात्रीत ओढ्याने काठ सोडला, डाळिंबाच्या बागांत दोन दिवस पाणी उभे होते. यंत्रावर पाऊस ४३ मिलिमीटर. बागाईतदार कार्यालयात गेले, तेव्हा त्यांच्यापुढे छापील कागद सरकवला गेला. कागदावरचा आकडा दशांश चिन्हासकट असला की भल्याभल्यांची वाचा बसते. एक म्हातारे शेतकरी एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन पावसात भिजलं का न्हाई, ते तरी बघा." कुणी गेले नाही. यंत्र चुकले होते असे मी म्हणत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला जास्त पाऊस झाला असेल आणि यंत्रापाशी खरेच ४३ पडला असेल. माझे म्हणणे इतकेच, की त्या दिवशी यंत्र धड होते हे सिद्ध करायला कार्यालयापाशी काही नव्हते आणि नव्हते हे सिद्ध करायला शेतकऱ्यापाशी. अशा वेळी आपल्याकडे आकडा जिंकतो.

यंत्रे चुकतात हे खुद्द हवामान खात्याने मान्य केलेले आहे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवले. देशाचा उच्चांक मोडला म्हणून दिवसभर गाजावाजा झाला. खात्याने तपासणी केली, तेव्हा तिथला सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. त्याच आठवड्यात आपल्या नागपुरातही एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तोही सेन्सरचा दोष निघाला. आकडे इतके अचाट होते म्हणून पकडले गेले. तोच सेन्सर जानेवारीत तीन अंश जास्त दाखवत असता तर? थंडीने केळीची बाग करपली असती, यंत्राच्या लेखी मात्र हवा उबदार, आणि बातमी कुठेच नाही.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगतो. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश तापमान नोंदले गेले होते. नव्वद वर्षे तो जगाचा उच्चांक होता, आम्ही वर्गात तोच शिकवला. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला. नवख्या निरीक्षकाने तापमापक वाचण्यात चूक केली असावी, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा माणूसही चुकतो, यंत्रही चुकते. दोघांवर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी.

यावर कुणी म्हणेल, शेजारच्या मंडळांचे आकडे ताडून पाहा, खोटा आकडा लगेच उघडा पडेल. तापमानाला हे बऱ्यापैकी लागू पडते. पावसाला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही आकडे खरे! पाऊस असाच पडतो, बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते. म्हणून शेजाऱ्याची साक्ष काढून भागत नाही. त्याच अंगणात दुसरा साक्षीदार पाहिजे.

हे काही मी नवे सांगत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या विजेने मोजणी बिघडेल हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. चुंबकीय गुणधर्म नसलेला दगड निवडून ती बांधली. आणि जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे नव्या जागेचे आकडे जुन्या जागेशी ताडता यावेत. सव्वाशे वर्षांपूर्वी, बैलगाडीच्या जमान्यात, आकड्याच्या खरेपणाची ही काळजी! त्याच्याही मागे जायचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात पाऊस मोजण्याचे भांडे ठेवायला सांगितले आहे, एक अरत्नी, म्हणजे हातभर रुंद तोंडाचे. अश्मक देशात किती पाऊस, अवंतीत किती, याचे आकडे दिले आहेत. आपल्या कोकणाला, म्हणजे अपरान्ताला, 'मोजदाद नाही इतका' असे म्हणून सोडून दिले आहे! भांडे कोठारात ठेवायला सांगितले हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पाऊस, धान्य आणि सारा यांचा हिशेब एकाच छपराखाली होता.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे फार खर्चाचे काही नाही.

प्रत्येक केंद्रापाशी एक फलक असावा. शेवटची सफाई कधी, शेवटची परीक्षा कधी, पाणी किती ओतले, कलंड्या किती आल्या. दुकानातल्या वजनकाट्याला दरवर्षी शिक्का लागतो आणि तो गिऱ्हाइकाला पाहता येतो. किलोभर साखरेला जो न्याय, तो वर्षाच्या पिकाला का नसावा?

दुसरे म्हणजे, यंत्राशेजारी एक साधा, जुन्या पद्धतीचा पर्जन्यमापक असावा आणि तो जवळच्या शाळेच्या ताब्यात द्यावा. रोज साडेआठला दोन मुलांनी पाणी मोजावे, वहीत लिहावे, बाईंनी किंवा सरांनी सही करावी. विम्याचा निर्णय या वहीवर करा असे मी म्हणत नाही. पण दोन आकड्यांत मोठी तफावत पडली की केंद्र तपासल्याशिवाय यंत्राचा आकडा अंतिम धरू नये, एवढा नियम पुरे.

तिसरे, टेंडर काढताना उभारणीइतकेच पैसे देखभालीला धरावेत. नारळ एकदाच फोडायचा असतो, फडके मात्र दर पंधरवड्याला मारावे लागते. पहिल्याचा फोटो निघतो, दुसऱ्याचा निघत नाही, हीच खरी अडचण.

कार्यालयातली मंडळी म्हणतील, गावकऱ्यांना जवळ जाऊ दिले तर कुणी भांड्यात तांब्याभर पाणी ओतेल. ही भीती अगदीच पोकळ नाही. पण तांब्याने ओतलेले पाणी आणि पाऊस यांतला फरक यंत्राच्याच नोंदीत दिसतो. कोरड्या हवेत दोन मिनिटांत शंभर कलंड्या पडल्या तर तो पाऊस नव्हे, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय भांडे शाळेच्या ताब्यातले आणि यंत्र कुंपणातले. दोघांना एकदम फसवणे कठीण. लबाडीच्या भीतीने सगळ्यांनाच दूर ठेवले, तर यंत्राची राखण करणारेही दूरच राहतात.

आता तर मंडळाच्या खाली थेट ग्रामपंचायतीपर्यंत अशी यंत्रे न्यायची योजना आहे. मला आनंदच आहे. पण यंत्रे दसपट आणि त्यांच्यामागे फिरणारी माणसे तेवढीच राहिली, तर आज एका मंडळात एक आंधळा साक्षीदार आहे, उद्या दहा होतील.

असो. तलाठ्याने सातबाऱ्यावर चुकीचे लिहिले तर निदान हरकत घेता येते, वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. या आभाळाच्या तलाठ्याविरुद्ध दाद मागायची सोयही तेवढीच सरळ असली पाहिजे. तोवर, वाचकहो, आपल्या भागातले केंद्र कुठे आहे ते शोधा. कुंपणाबाहेरूनच पाहा. डोक्यावर झाड आले आहे का, तबकड्या पांढऱ्या आहेत का, वाट्या फिरतात का. काही वावगे दिसले तर तारखेनिशी एक अर्ज लिहा आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.